काजूगरांवरचे काळे कण

देवापुढे काजूगरांचा नैवेद्य ठेवताना गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा निरीक्षक होतो, आणि एका निरपराध स्त्रीचे नाव अटकेच्या कागदावर लिहिण्याच्या बेतात होतो.

चतुर्थीच्या तोंडावर एका काजू कारखान्याचे मालक तक्रार घेऊन आले. भाजून तेल-मसाला लावलेल्या काजूगरांत काळे कण सापडत होते. सोबतच्या मुकादमाने संशयिताचे नावही आणले होते. निवडणीच्या टेबलावर काम करणारी, आमोणे गावची एक बाई. काही दिवसांपूर्वी मुकादमाने तिला सर्वांदेखत काजूचोर म्हटले होते. तिने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, आणि तिसऱ्याच दिवशी कण दिसू लागले.

"सायब, आदीं नाल्ल, मागीर काळें. आनीक कितें पुरावो जाय?" मुकादम म्हणाला. आधी नारळ, मग काळे कण, याहून वेगळा पुरावा त्याला नको होता.

ठाण्याच्या डायरीत नोंद झाली. पंचांसमक्ष नमुने सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता, आणि लोकांच्या पोटात विष जाण्याचे भय होते. संध्याकाळपर्यंत अटक करावी, असे माझ्याही मनाने घेतले.

महिला शिपायाच्या उपस्थितीत मी त्या बाईंना विचारले, "गाऱ्हाण्यात काय मागितलेत?"

"खरें तें भायर काड म्हणून मागलें, सायबा. विख घालपाचें आसल्यार देवाक कित्याक सांगतलें?" मग तिचा आवाज खाली आला. "हें नांव लागल्यार माका परत काजूक कोण हात लावंक दितलो?"

तिच्या घरी मिळवते हात तेवढेच दोन होते. मी अटकेचा कागद न भरताच फाइलीत ठेवला आणि जीप काढायला सांगितले.

कारखान्यात एक कण पांढऱ्या कागदावर घेऊन मी नखाने दाबला. काजळी असती तर ती पसरली असती, जळकी साल असती तर चुरली असती. हा कण दबला आणि पुन्हा वर आला. मग काजूगर ज्या वाटेने जातात, त्या वाटेने मी चालत गेलो. भट्टी आणि मसाल्याचे पिंप या दोन्ही ठिकाणी माल स्वच्छ होता. तिथून गरम गर एका लांब सरकत्या पट्ट्यावरून निवत निवत टेबलापर्यंत येत. पट्ट्यावर पत्र्याचे झाकण होते. पट्ट्याच्या शेवटाशी, कुणाचाही हात लागण्यापूर्वी, मी मूठभर गर घेतले. त्यांत काळे कण होते.

झाकण उघडायला लावले. आत जाड काळा रबरी पट्टा होता. रुमाल फिरवला, तो काळा झाला.

कारखान्यातली यंत्रे सांभाळणारा फिटर मूळचा सिंधुदुर्गातला, पूर्वी पाळी गावच्या लोहखनिजाच्या खाणीवर नोकरीला. कारखान्याचा मूळ पट्टा फाटला, नवा यायला उशीर होता, म्हणून मालकांच्या संमतीने त्याने बंद खाणीच्या भंगारातून हा आणून जोडला होता. तो अभिमानाने म्हणाला, "सायबानू, ह्या पट्ट्यान धा वर्सां खाणीतले धोंडे व्हायले. काजूच्या भारान तो झिजतलो काय?"

पट्टे पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने दुसऱ्या दिवशी उलगडा केला. दगड सोसणारे ते रबर गरम तेल सोसत नाही. काही आठवड्यांत तेल आत मुरते, रबर फुगते आणि त्याचा पृष्ठभाग झडू लागतो. म्हणूनच पट्टा बदलल्यानंतर बरेच दिवस काही दिसले नाही, आणि दिसले ते नेमके गाऱ्हाण्यानंतर. खाद्यपदार्थांचा पट्टा तेलाला दाद न देणारा हवा, त्याच्या जोडात कण अडकायला फट नको. त्याने दाखवलेला तशा पट्ट्याचा तुकडा निळा होता.

"निळाच का?" मी विचारले.

"खाण्याची वस्तू सहसा निळी नसते, साहेब. तुकडा पडलाच तर चटकन दिसतो."

पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही कण रबराचेच निघाले. बाजारात गेलेला माल परत आणवला. देवाच्या कृपेने कुणालाही बाधा झाली नाही. मालकांवरील कारवाईची कागदपत्रे संबंधित खात्याकडे गेली. मुकादमाने जशी सर्वांदेखत निंदा केली होती, तशीच सर्वांदेखत क्षमा मागितली. ती बाई आपल्या टेबलावर परतली. गाऱ्हाणे पावले म्हणून तिने दुसरा नारळ ठेवला आणि खोबऱ्याचा प्रसाद ठाण्यावर आणून दिला.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत आम्ही आधी प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेले, आणि मग त्यावरून काढलेले अनुमान, असा क्रम शिकलो होतो. खाकी अंगावर चढल्यावर मी तो क्रम उलटा केला होता. नारळाचा आणि कणांचा संबंध जोडला, कण मात्र तोवर हातात घेतला नव्हता. त्या निळ्या पट्ट्याने मला पुढील सेवाकाळासाठी एक नियम दिला: तपास असा करावा की आपली चूक झालीच तर ती लपू नये, लगेच नजरेत भरावी.

अटकेच्या त्या कागदावरची नावाची जागा कोरीच राहिली. नैवेद्य दाखवून हात जोडताना मी आजही त्या कोऱ्या जागेबद्दल देवाचे आभार मानतो.