नुसतं जाधव

"घरच्याला कसलं थँक्यू, साहेब?" असं म्हणत तो डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचा. बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यात तो जपानी दुभाष्या होता. पगार एजन्सीचा, खुर्ची माझ्या शेजारी.

अजिंठ्याचा, तिशीतला. वडिलांचं लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकायचं दुकान. तिथे बसून जपानी यात्रेकरूंशी बोलत बोलत तो भाषा शिकला. मी गुणवत्ता विभागात सव्वीस वर्षं काढली. पण जपानी पाहुणे माझ्यापुढे वाकायचे पंधरा अंश, त्याच्यापुढे तीस. वर त्याला 'सेन्सेई' म्हणायचे, म्हणजे गुरुजी. तुम्हीच सांगा, कुणाला झोंबणार नाही?

"काय जादू केलीस रे यांच्यावर?"

"जादू नाय साहेब. कुणापुढं किती वाकायचं, कुणाच्या नावाला काय लावायचं, त्यातच त्यांची सगळी नाती असतात."

आपण 'राव' लावतो तसं ते 'सान' लावतात, एवढं मला ठाऊक होतं. पुढच्या बैठकीत मी वहीत रेघा ओढत बसलो. पाहुण्यांशी बोलताना त्याने मॅनेजरच्या नावाला नऊदा सान लावलं, स्टोअरवाल्याला चारदा, वायरमनलाही एकदा. माझं नाव सातदा घेतलं. सातही वेळा नुसतं 'जाधव'.

मी विचारलं नाही. मान काय मागून घ्यायचा?

त्याच्या कराराचा कागद माझ्याकडे शेऱ्यासाठी आला. "वरिष्ठांचा मान राखत नाही," मी लिहिलं. हिशेबाने ते खरंच होतं. करार वाढला नाही.

शेवटच्या दिवशी तो सगळ्यांपुढे वाकून निघाला. माझ्यापुढे वाकला नाही. "येतो साहेब. जेवून घ्या," एवढंच म्हणाला. टेबलावर अर्धी भाकरी होती.

त्याच्या जागी त्याच एजन्सीची एक मुलगी आली. पहिल्याच बैठकीत तिने अकरा वेळा 'जाधव-सान' म्हटलं. मी खूश. चहाच्या वेळी म्हणालो, "आधीचा कधी लावत नव्हता. पाहुण्यांसमोर नुसतं जाधव."

"परक्यांसमोर घरच्या माणसाला सान लावत नाहीत, सर. स्वतःच्या वडिलांनासुद्धा नाही. मी बाहेरची, म्हणून लावते."

"तोही एजन्सीचाच होता. बाकी सगळ्यांना लावायचा."

तिने कप खाली ठेवला. "मग तुम्हाला एकट्यालाच घरचं धरलं असेल त्यांनी."

दुपारी मी माझ्या डब्यातली भाजी तिच्याकडे सरकवली.

"थँक्यू, जाधव-सान," ती म्हणाली.