मेणावरचे दोन दात

मंडळी, मी कंपनीत मशीनवर आयुष्य घातलेला माणूस. जिथून आवाज येतो तिथलं बेअरिंग गेलेलं असतं, एवढंच आपलं तत्त्वज्ञान. कुणी भुताखेताच्या गप्पा काढल्या की मी चहाचा कप उचलून दुसरीकडं जाऊन बसायचो. आणि आज मीच हे टाइप करतोय म्हटल्यावर बायको मागं उभी राहून हसतीये. हसू दे.

कंपनी पोटासाठी, क्लॅरिनेट जिवासाठी. तरुणपणापासून लग्नसराईत मी मुकुंदवाडीच्या एका बॅन्डमध्ये वाजवतो. शिकवलं आमच्या बॅन्डमास्तरांनी, करीमचाचांनी. उंच, सडपातळ माणूस, आणि पुढच्या दोन दातांत ही एवढी फट! ते हसले की आम्ही म्हणायचो, चाचांची खिडकी उघडली. तेही जास्तच हसायचे.

आमच्या बॅन्डमध्ये चाचांनी एक रीत पाडली होती. वाजवणाऱ्याच्या पोरीची पाठवणी बापानंच वाजवायची. का, तर क्लॅरिनेट तोंडात असलं की माणसाला रडता येत नाही. हुंदका आला की फूक तुटते, फूक तुटली की सूर गेला. सगळा मांडव रडत असतो, बाप तेवढा उभा राहतो. मी कितीतरी बापांना तसं उभं राहिलेलं पाहिलंय.

चाचांना स्वतःची मुलगी नव्हती. माझी गौरी झाली तेव्हा बारशाला आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "इसकी बिदाई मैं बजाऊंगा. तू बीच में नक्को आना." मी म्हटलं, बजाव चाचा, तुमचीच आहे. पण गौरी शाळेत होती तेव्हाच चाचा गेले. त्यांचा माऊथपीस, म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा तुकडा, चाचीनं माझ्या हातात दिला. मी तो कपाटात ठेवला. वापरता येण्यासारखा नव्हताच. वर्षानुवर्षं दात टेकून त्यावर चाचांच्या दातांचे दोन खड्डे पडले होते, मधल्या फटीसकट. माझे दात त्यात बसायचे नाहीत.

आता दाताचं. गौरीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली, आणि माझा वरचा पुढचा दात ठणकायला लागला. मागं कधीतरी स्कूटरवरून पडलो होतो, तेव्हाचाच दुखावलेला. उस्मानपुऱ्यात एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी फोटो काढला आणि तो बघून मान हलवली.

"काका, मुळाशी पू झालाय. हा ठेवता येणार नाही."

"लग्न होईपर्यंत तरी?"

"लग्नात गाल फुगलेला चालणार असेल तर ठेवा."

काढला. खरं सांगतो, काहीच दुखलं नाही. दुखलं ते नंतर, आरशात. वरचे पुढचे दोन दात माऊथपीसवर टेकतात, तीच आमची खुंटी. एक गेला की तुकडा तोंडात वळवळतो आणि बाजूनं हवा सुटते. मला दिसण्याचं काय पडलं नव्हतं हो, या वयात कोण बघतंय! पण गौरीची पाठवणी कोण वाजवणार?

मॅडमनं शांतपणे सगळं समजावलं. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. सगळ्यात चांगला, पण आधी जखम भरायला हवी, मग हाडानं स्क्रू धरायला हवा, त्यात काही महिने जाणार. ब्रिज लवकर होईल, पण त्यासाठी शेजारचे दोन्ही चांगले दात घासून बारीक करायचे, आणि एकदा घासले की घासले. नाहीतर तोवर काढता-घालता येणारी कवळी, एका दाताची.

शेजारचे दात घासायचे म्हटल्यावर मी लगेच नको म्हणालो. उरलेल्या एका दाताच्या भरवशावर तर मी होतो! इम्प्लांटला वेळ नव्हता. म्हणून आधी कवळी घेऊ, पुढचं लग्नानंतर बघू असं ठरलं. बायको म्हणाली, "अहो, दात गेलाय, जीव नाय गेला. तोंड कशाला पाडून बसलाय?"

कवळी आली. गच्चीवर जाऊन वाजवायला घेतलं तर पहिल्याच फुंकीला ती सुटून जिभेवर. सूर कसला, कुकरची शिट्टी! परत मॅडमकडं. त्यांनी गुलाबी मेणाची एक पट्टी माऊथपीसवर नीट बसवून दिली. "यावर वाजवा काका. दाताचा दाब कुठं पडतो ते उमटेल, त्यावरून नवा दात कसा हवा ते ठरवू." पट्टी अगदी कोरी, गुळगुळीत. घरी आलो, क्लॅरिनेटची पेटी उघडली, बंद केली. पुन्हा ती कुकरची शिट्टी ऐकायची हिंमतच होईना. बॅन्डमधल्या सुभाषला सांगितलं, बाबा रे, गौरीची पाठवणी तू वाजव. गौरीला सांगितलं तर ती फक्त "बरं बाबा" म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लग्न बीड बायपासच्या एका हॉलमध्ये झालं. पेटी सवयीनं सोबत आणली होती, तेवढंच. जेवताना जिलबी कवळीला चिकटायला लागली म्हणून कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटाशेजारी ठेवली. पाव्हण्यांना वाढायला उठलो, परत येतो तर ताट उचललेलं, रुमालासकट! वाढपी पोरांबरोबर मी पिंपात हात घालून शोधलं, तरी नाय सापडली. बायकोनं कपाळावर हात मारला. "आता विहीणबाईंसमोर तोंड मिटून हसा!"

उन्हं कलताना पाठवणी निघाली. सासर फर्दापूरचं, जावयाचं तिथं छोटं हॉटेल आहे. गाडी दारात लागली, सुभाषनं क्लॅरिनेट ओठाला लावलं, आणि गौरी दारातच थांबली.

"बाबा, पेटी कुठाय?"

"हाय की. पण गौरे, दात नाय, कवळी पण नाय..."

"फुसफुस निघाली तरी चालंल. मला तुमचंच ऐकायचंय. त्याशिवाय मी गाडीत बसणार नाय."

व्हय-नाय करायला वेळच नव्हता, सगळे बघत होते. पेटी काढली, जोडलं, तोंडात धरलं. फुंकर घालताना मी डोळेच मिटून घेतले. म्हटलं, होऊ दे शोभा.

आणि सूर लागला.

मंडळी, हे कसं सांगू... माऊथपीस हललाच नाही. वरून दोन दातांनी पक्का धरलेला. हवा कुठंच सुटेना. चाचांनी बसवलेली जुनी पाठवणीची धून मी वाजवत होतो, आणि तिच्यात ती खालून वर जाणारी त्यांची लांब मींड, जी मला आयुष्यात एकदाही धड जमली नाही, ती आली. एकदा नाही, दर फेरीला आली. सुभाष आपलं क्लॅरिनेट खाली घेऊन माझ्याकडं बघत राहिला. गौरी माझ्या गळ्यात पडली, मग गाडीत बसली, गाडी वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मी थांबलो.

जिभेनं चाचपून बघितलं. दाताच्या जागी नुसती हिरडी.

मला वाटलं, बापाची माया असेल, अंगात बळ आलं असेल. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर मेणावर दोन खड्डे. दोन! आणि मध्ये चांगली फट. पेटी मीच उघडली होती आणि मीच बंद केली होती. मी तसाच उठून मॅडमकडं गेलो. जाताना कपाटातला चाचांचा माऊथपीसही खिशात टाकला.

मॅडमकडं माझ्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा होता. त्यांनी तो मेणावर टेकवून बघितला, फिरवून बघितला. "काका, हे तुमचे दात नाहीत. तुमच्या दातांत फट नव्हतीच. कुणी दुसऱ्यानं वाजवलं का हे?" मी चाचांचा माऊथपीस पुढं केला. त्यांनी बारीक मापाची पट्टी घेऊन दोन्हीकडची फट मोजली. मग पुन्हा मोजली. पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "हे कोण?"

मी सांगितलं. बाई शिकलेल्या, हसतील वाटलं होतं. नाही हसल्या. म्हणाल्या, "मला याचं काही सांगता येणार नाही काका. तुमच्या दाताचं सांगते. आता घाई नाही ना? मग इम्प्लांटच करू."

खरंच घाई नव्हती. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. जखम भरू दिली, स्क्रू बसवला, हाडानं तो धरेपर्यंत मजेत पेज-भात खाल्ला. दात बनवायची वेळ आली तेव्हा मॅडमनं जरा चाचरतच विचारलं, "थोडी फट ठेवायची का?" म्हटलं, नको. माझा दात माझ्यासारखाच असू द्या. आता या सीझनला मी परत वाजवतोय, झकास. ती मींड मात्र पुन्हा कधी आली नाही.

इतके दिवस मी सगळ्यांना सांगायचो की चाचांनी मला मदत केली, दोन दात उसने दिले. परवा गौरी माहेरी आली. तिच्या दिरानं मोबाइलवर काढलेला पाठवणीचा व्हिडिओ तिनं मला दाखवला. मी तो तोवर बघितलाच नव्हता. पडद्यावर मी क्लॅरिनेट धरून उभा, आणि माझे खांदे गदगदताहेत. हुंदक्यांवर हुंदके, डोळ्यांतून धारा. पार लहान पोरासारखा रडतोय मी, आणि वाजवताना मला त्याचा पत्ताच नव्हता! आणि धून अखंड. एवढीसुद्धा तुटलेली नाही.

गौरीनं व्हिडिओ थांबवला.

"बाबा, क्लॅरिनेट तोंडात असलं की रडता येत नाही ना?"

"नाय येत."

"तुम्ही तर रडताय."

बेअरिंगवाला माणूस मी. आवाज कुठून येतोय ते बघायला व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा लावला. गौरीच म्हणाली, "चाचांनी शब्द दिला होता, बाबा. त्यांनी वाजवलं, म्हणून तुम्हाला रडता आलं."