शेवटच्या गाण्यातील पिल्ले

आमच्या भागात तयार झालेल्या सर्वांत कर्कश कॅसेटचे शेवटचे गाणे इतके हळुवार का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर माझ्या मेहुण्यापाशी आहे, आणि गोंगाटावर त्याच्याइतकी निष्ठा ठेवणारा माणूस शिरूर-दौंड पट्ट्यात दुसरा झाला नाही, हे आधीच नमूद करतो.

तो कुरकुंभच्या कारखान्यात बॉयलर सांभाळी आणि पाळी सुटली की हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवी. धातूची कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर त्याचा विश्वास बसत नसे. आमच्या शिरूरच्या घराच्या वास्तुशांतीला त्याने आहेरातली सगळी पातेली चमच्याने वाजवून सुरांप्रमाणे मांडली. कोणते झाकण कशाचे, हे त्याच्या बहिणीला आठवडाभर उमगले नाही. "दाजी, झाकण बसतंय का हे कुणीबी बघंल. वाजतंय कसं ते बघा," असे त्याने मला समजावले. वर्गातल्या मुलांना गप्प बसवणे हा माझा पेशा. तरी त्याने मला बँडमध्ये घेतले, ते ताल मोजायला. माझी लाकडी पट्टी टेबलावर पडली की चौघे सुरू होत.

कॅसेटचे ध्वनिमुद्रण झाले केडगावजवळ, आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पोल्ट्री शेडमध्ये. कोंबड्यांची एक बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून पंधरा दिवस रिकामी ठेवतात. तेवढ्यात आठ गाणी उरकायची होती. पत्र्याखाली गिटार अशी घुमे, की शेजारच्या वस्तीवरून एक जण पत्रे उडाले का, ते पाहून गेला. सात गाणी झाली, आणि चौदाव्या दिवशी सकाळी पिल्लांची गाडी आली. एक दिवस आधी. गिटारवाला त्याच संध्याकाळी नोकरीसाठी गुजरातला निघणार होता. त्याच्याबरोबर बँडही संपणार होता.

एका दिवसाची पिल्ले मोठ्या आवाजाने बिथरतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि गुदमरतात. दुसरीकडे वाजवा, असे आम्ही सुचवले. पण सात गाणी जिथे घुमली तिथेच आठवे, हा मेहुण्याचा हट्ट. आप्पांनी उबेसाठी लावलेल्या बल्बांखालच्या त्या पिवळ्या गर्दीकडे पाहिले. मग म्हणाले, "वाजवा. पर एक जरी पिल्लू दचाकलं, तर तुमचं ढोलकं रस्त्यावर."

ज्याने आयुष्यात कधी दार हळू लावले नाही, त्या माणसाने ड्रमच्या काठ्यांना फडकी गुंडाळली. मी पट्टी खाली ठेवून गुडघ्यावर बोटाने मोजले. एरवी किंचाळणारा गायक पिल्लांची समजूत काढावी तसा गायला. गाणे संपले तेव्हा निम्मी पिल्ले झोपली होती, आणि आप्पा दारात उकिडवे बसून मान डोलवत होते.

पुण्याच्या कॉलेजांतली मुले ती कॅसेट हातोहात उतरवून घेत, आणि शेवटच्या गाण्यामागची चिवचिव कोणत्या यंत्रातून काढली, असे विचारीत. कॅसेटच्या कागदावर 'मोजणी' या शब्दापुढे माझे नाव आहे. माझ्या रुक्ष शिस्तीचा इतका सुंदर उपयोग आणखी कोणी केला नाही. त्या ऋणाची मला रोज जाणीव असते.

पुढे बॉयलरने आणि ड्रमने मिळून मेहुण्याचे कान नेले. आता भाऊबीजेला आला की पातेल्यांकडे पाहतही नाही. कॅसेट लावतो आणि माझा चेहरा न्याहाळत बसतो.

"दाजी, पिल्लं हायत का अजून?"

मी मानेनेच हो म्हणतो. परंतु फीत झिजली आहे, माझेही वय झाले आहे, आणि मला चिवचिव ऐकू येते की केवळ आठवते, हे खात्रीने सांगता येत नाही. ज्यांच्याकडे ती कॅसेट असेल, त्यांनी दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे लावून एकदा स्वतः तपासावे, ही विनंती.