उत्तराची वाट पाहणारे सर

गेल्या सोमवारी आमच्या वरच्या खोलीत राहणारे सर दोन पिशव्या आणि एक वळकटी घेऊन कायमचे आष्टीला परत गेले. जायचे होते सकाळच्या गाडीने, गेले दुपारच्या. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहण्यात वर्धा जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही.

शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवणारे त्यांचे सोबती विद्यार्थ्यांचा ताण, मोबाइलचा वापर, ऑनलाइन तासांचा परिणाम असे सहज मंजूर होणारे विषय घेत. सरांना एकाच गोष्टीत रस होता: शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर मुलाला उत्तरासाठी किती वेळ मिळतो. त्यासाठी आमच्या सिंदी रेल्वे गावाच्या आसपासच्या शाळांत ते मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसत. संध्याकाळी सांगत, "काका, गुर्जीच विचारते अन् गुर्जीच सांगते. मधात पोराले जागाच नाई." मित्र टोमणा मारत, "काय बे, चूप बसण्यावर पीएच.डी. करून राह्यला?" सर त्यावरही गंभीरपणे विचार करत. उत्तर तयार होईपर्यंत मित्र चहा संपवून निघून गेलेले असत. पुढे ते येईनासेच झाले.

विषय अंगात इतका मुरला होता की बाजारातही सुटत नसे. वांग्याचा भाव विचारून ते उभे राहत. भाजीवाली भाव सांगे, तरी उभेच. ती भाव उतरवी, तरी उभेच. एकदा ती मला म्हणाली, "तुमचे सर पावभर वांग्याले आले अन् माह्या जावयाची सारी कहानी घेऊन गेले!" मुलगी पाहायला गेले तेव्हा "तुम्हाले काय आवडते?" असे विचारून ते इतके थांबले की शेवटी मुलीच्या मामांनी स्वतःच्या आवडी सांगितल्या. लग्न जुळले नाही. मला ते रोज विचारत, "जेवले का, काका?" मी एकटाच राहतो. "हो" म्हणून विषय संपवायची मला सवय होती. सर दारातच थांबत. मग मी सांगे की पोहे खाल्ले. मग, की ते सकाळचे होते.

पीएच.डी.चा विषय विद्यापीठाकडून दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा नामंजूर झाला तर नोंदणी रद्द होणार होती आणि सरांनी मोठ्या भावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसायचे, असे घरी ठरले होते. तिसऱ्या खेपेला संशोधन समितीच्या अध्यक्षांनी विचारले, "याचा शिक्षणाला उपयोग काय?" सर पंख्याकडे पाहून विचार करू लागले. "उत्तर येऊनच राह्यलं होतं, काका," ते नंतर म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. पुढचे कोण?" अध्यक्षही शिक्षणशास्त्राचेच होते.

सोमवारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. आर्वीमार्गे आष्टीची गाडी लागली होती. वळकटी वर चढवायची होती. मी विचारले, "अध्यक्षांना काय सांगणार होता?"

सरांचा वळकटीकडे गेलेला हात थांबला. मीही थांबलो. वाहक ओरडला, "आष्टी, आष्टी! चलता का, सर?"

सरांनी पिशव्या खाली ठेवल्या.

"चौथीत गुर्जीनं विचारलं, आपल्या गावचा नाला कुठं जाते? मले माहीत होतं, काका. आज्यासंग काठाकाठानं गेलतो मी. सांगाले उभा राह्यलो, पन कुठून सुरू करू ते ठरवून राह्यलो होतो. तेवढ्यात बाजूच्याले उभं केलं. त्यानं पुस्तकातलं सांगितलं. तवापासून मी वर्गात हात वर केला नाई."

"मग कुठे जातो तो नाला?"

ते वळकटीवर बसले. आधी मारुतीच्या पाराजवळून निघते, म्हणाले, मग जांभळाच्या झाडाखालून. हाताने वळणे दाखवू लागले.

वाहकाने घंटी मारली. गाडी फलाटावरून मागे आली, वळली आणि गेली.