कॅप्रिचिओवाली भिंत

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी एका मुलीला व्हायोलिनचा गज कसा धरायचा ते दाखवत होते. "सुधामावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी मुलीला घरी पाठवलं आणि पायात चपलाही न घालता जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले. वंदना पलंगावर होती. कपाळावरची ती नेहमीची आठी तशीच होती... कुणीतरी काहीतरी चुकीचं बोललंय आणि ही आता उठून त्याला सुनावणार, असं वाटत होतं. उठली नाही. मला त्या क्षणी दुःखाच्या आधी राग आला, आणि खरं सांगायचं तर इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

तो उतरू नये याची सोय आमच्या सोसायटीने केली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. म्हणाले, वंदनामॅडम अतिशय शांत आणि मनमिळाऊ होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला हसू दाबावं लागलं. ही बाई कायम मध्यात असायची. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या पंख्यापर्यंत एकही भांडण तिने सोडलं नसेल. पण सेक्रेटरींनी पुढे जे जाहीर केलं त्याने हसू पळालं. मॅडमच्या स्मरणार्थ कंपाउंडच्या भिंतीचं सुशोभीकरण करायचं. जुन्या चित्राचे पोपडे निघायला लागलेत, तिथे आता खाडीवर येतात तसे छान फ्लेमिंगो पक्षी काढून घेऊ. आता हे जुनं चित्र वंदनाचं. म्हणजे वंदनाची आठवण राहावी म्हणून वंदनाचंच चित्र पुसायचं! लोकांनी माना डोलावल्या, चहा आला, आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

जुईनगरच्या या इमारतीत आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. मी कोकणातली, ती मराठवाड्यातली. ती शाळेत चित्रकला शिकवायची, तिचे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात होते. ओळख झाली ती माझ्या रियाजामुळे. एका सकाळी तिने बेल वाजवली. आवाजाची तक्रार असणार, अशी मनाची तयारी करून मी दार उघडलं.

"हे काय वाजवत होता तुमी?" तिने विचारलं. "मधेच धावतं, मधेच थांबतं. कुणाचं ऐकतच नाही."

मी तिला सांगितलं की याला कॅप्रिचिओ म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ साधारण लहर. ठरलेल्या साच्याला न जुमानता मनाला येईल तसं वळण घेणारी रचना. "मग सोपं असेल," ती म्हणाली. मी माझी बोटं पुढे केली. लहर ऐकणाऱ्याला वाटली पाहिजे. वाजवणाऱ्याला एकेका सुरासाठी महिनोन्महिने घासावं लागतं. हे तिला फार आवडलं. या शब्दाच्या पोटात बकरी आहे असं काही जण मानतात आणि काहींना त्यात केस ताठ उभे राहिलेलं डोकं दिसतं, हेही मी सांगितलं. वंदनाने तिथल्या तिथे निकाल दिला, "बकरीच असणार. आमच्याकडे होती एक. कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."

मग चार दिवसांनी ती एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. तोपर्यंत आम्ही 'अगं तुगं'वर आलो होतो. "सुधा, हे आमच्याकडेही आहे गं! परीक्षेपुरतं वाचलं होतं, विसरून गेले." जुने चित्रकार खऱ्याखुऱ्या इमारती घ्यायचे आणि भलत्याच ठिकाणी नेऊन मांडायचे. एका शहराची कमान, दुसऱ्या शहराचं देऊळ, आणि दोन्हीच्या मधे कधीच नसलेलं पाणी. त्या चित्रांनाही कॅप्रिचिओच म्हणायचे. मी म्हटलं, लिहिणारेही असं करतात, विषयाचा हात सोडून भटकतात आणि बरोबर दारात येऊन उभे राहतात. त्यावर ती म्हणाली, "मग माझ्यावर कधी लिहिलंस तर तसं लिही. प्रेमळ, कष्टाळू वगैरे लिहिलंस तर बघ." बघ वंदना, अजून एकदाही लिहिलेलं नाही.

भिंत त्यातून जन्मली. पार्किंगच्या मागे आमची लांबलचक कंपाउंडची भिंत आहे, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. वंदनाने ती धुऊन घेतली आणि अट घातली, सोसायटीतल्या प्रत्येक घराने आपल्या गावची एकेक इमारत द्यायची. इमारत तंतोतंत खरी पाहिजे, जागा मात्र वंदना ठरवणार. लोकांना ही गंमत वाटली, पण बाई गंमत करत नव्हती. दाराला कडी आहे की अडसर, कौलं नळीची की मंगलोरी, हे विचारायला तिने लोकांना गावी फोन करायला लावले. एका गृहस्थांनी मामाचा माडीवाला बंगला आपला म्हणून खपवायचा प्रयत्न केला. जिन्याच्या पायऱ्या कुठून चढतात ते सांगता येईना, तेव्हा तिने त्यांना परत पाठवलं. मी आमचं चौपाखी घर दिलं. एकाने गाव आठवत नाही म्हणून इथल्याच पावणे भागातलं पत्र्याचं वर्कशॉप दिलं, जिथे त्याला पहिली नोकरी लागली होती. तेही आलं. या सगळ्यांच्या पायाशी खाडीचं पाणी.

आमच्यात इथल्या मूळच्या एकट्या मंदामावशी. ही इमारत उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर. त्यांनी आपली गावदेवी दिली. देवळाभोवती आता सगळीकडून गाळे झालेत. वंदनाने गाळे उचलून टाकले आणि देऊळ पाण्याच्या काठावर ठेवलं. मंदामावशी बघायला आल्या. "बाय, आमची देवी परत पान्याजवल आली गो," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी भिंतीखाली उदबत्ती लागलेली होती.

भिंतीच्या मधोमध वंदनाने स्वतःचं गाव काढलं. दगडी विहीर, तिच्या कडेला जनावरांसाठी हौद, आणि विहिरीला लागून निळ्या दाराचं एक बुटकं मातीचं घर. घर तिच्या वडिलांचं.

यावरून सोसायटीची सभा पेटली. तिसऱ्या मजल्यावरचे काळेसाहेब तिच्याच तालुक्यातले, ते गाव त्यांच्या पायाखालचं. ते उठले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, चित्र छान आहे. पण विहिरीजवळ हे घर नव्हतं. तुमची वस्ती ओढ्यापलीकडे. मी बघितलंय ना."

"बरोबर आहे," वंदना म्हणाली. "ओढ्यापलीकडेच होती."

"मग हे खोटं झालं."

"घर खरं आहे, काळेसाहेब. विहीरपण खरी आहे. मधलं अंतर तेवढं मी काढून टाकलंय."

बाकीच्यांची घरं पन्नास गावं ओलांडून खाडीवर येऊन बसली होती, चिपळूणच्या शेजारी नांदेड नांदत होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती एका ओढ्याइतक्या अंतराची. सेक्रेटरी कसेबसे म्हणाले, "नको ना टेन्शन. खाली 'काल्पनिक' असं लिहून टाका, म्हणजे झालं." वंदना म्हणाली, लिहिते. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं, कॅप्रिचिओ. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की रिक्षावाले आमच्या इमारतीला 'काप्रीची बिल्डिंग' म्हणतात. नवीन हॉटेल उघडलंय असं त्यांना वाटलं होतं.

त्याच दिवशी, नाव लिहून झाल्यावर, तिने हौदापाशी एक बकरी काढली. तोंड पाण्यात, शेपूट वर. मी बाजूला रंगाचा डबा धरून उभी होते. ब्रश न थांबवता ती म्हणाली, "आमची बकरी अशी थेट जाऊन तोंड लावायची. मी लांब उभी असायचे, कळशी घेऊन. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. तिला कधी कुणी हाकललं नाही गं." माझ्या हातातला डबा कलला. "डबा नीट धर," ती म्हणाली, "सांडतोय."

आजारपणात ती पुष्कळ खंगली, पण संध्याकाळी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचीच. पोपडा निघाला की तिथे बोटाने रंग लावायची. आमची शेवटची भेट तिथलीच. "मी गेल्यावर हे लोक इथे फ्लेमिंगो काढतील बघ," ती म्हणाली. "पक्षी वाईट नाहीत. पण त्यांना गाव विचारावं लागत नाही ना, म्हणून सगळ्यांना चालतात. पुसू देऊ नकोस." मी म्हटलं, मी काय करणार, मला तर व्हायोलिनच वाजवता येतं. "मग वाजव की," ती म्हणाली.

तर मी वाजवते आहे. गेल्या आठवड्यात रंगारी आले आणि फाटकाच्या बाजूने पांढरा हात मारत निघाले. माझं चौपाखी घर गेलं, पत्र्याचं वर्कशॉप गेलं. मला समजलं तेव्हा मी खुर्ची आणि व्हायोलिन घेऊन खाली गेले आणि विहिरीसमोर बसले. सूर घसरत होते, पण तो कॅप्रिचिओ मी पुन्हा पुन्हा वाजवला. मंदामावशी पदर खोचून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हितं ब्रश लावाचा नाय. आमची देवी हाय," त्यांनी रंगाऱ्यांना बजावलं. रंगारी गोंधळून डबे घेऊन गेले. तेव्हापासून रोज सकाळी माझी खुर्ची तिथेच असते. काळेसाहेब फिरून येताना थांबले आणि म्हणाले, "सुधाताई, या वयात शोभतं का हे?" मी म्हटलं, नाही शोभत, आणि पुढचा भाग वाजवायला घेतला. प्रज्ञाने आईच्या रंगांच्या ट्यूबा काढून ठेवल्या आहेत. माझ्या घराला कौलं कुठली होती हे विचारून गेली.

येत्या रविवारी भिंतीवरून सोसायटीची सभा आहे. मी जाणार आहे. भिंतीवरचा पांढरा रंग निळ्या दाराच्या अलीकडे हातभर थांबलाय. बकरी पाणी पिते आहे. तिला तिथून हाकलायचं असेल तर खुशाल हाकला... पण कशासाठी हाकलताय, ते सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा.