यंत्रातली गंगा

आमच्या ह्यांना सरकारने ट्रेनिंगसाठी इटलीला धाडलं, आणि येताना माझ्यासाठी साधा रुमालसुद्धा न आणता ह्यांनी एस्प्रेसो कॉफीचं यंत्र आणलं. आमच्या कलकत्त्याच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान त्या यंत्राला. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, पाणी फिल्टर केलेलंच हवं, नाहीतर आतल्या नळ्यांत क्षार बसतात. झालं! पाणी आधी फिल्टरमध्ये, मग उकळायला, निवलं की पुन्हा मलमलीतून किटलीत. आम्ही माणसं मात्र थेट नळाचं पीत होतो. मुलीला जुलाब लागले तेव्हा हे काळजीने म्हणाले, "यंत्राच्या किटलीतलं तर नाही ना घेतलं तिने?"

घरात नळ दोन. एक पिण्याच्या पाण्याचा. दुसऱ्याला न गाळलेली गंगाच यायची, ती धुण्याभांड्याला आणि संडासाला. सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या आणि हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, मरताना थेंबभर तोंडात पडावी म्हणून आमच्याकडे गंगेचा गडू देवाजवळ जपून ठेवतात. आणि तुम्ही ती संडासात ओतता? शिव शिव!" तेव्हापासून त्या रोज सकाळी मोरीतल्या नळाला हात जोडायच्या.

त्याच सुमारास पुण्यात माझी आई अंथरुणाला खिळली. जवळ कोणी नाही. ह्यांचा बदलीचा अर्ज एस्प्लनेडच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर पडून होता. साहेब बंगाली, खाण्यापिण्याचे मोठे शौकीन. "रविवारी कॉफीला बोलावतो. खूश झाले की सही झालीच म्हणून समज," हे म्हणाले. मी मनातल्या मनात ट्रंका भरायलाही घेतल्या.

रविवारी हे दाढी करता करता ओरडले, "आई, यंत्रात गाळलेलंच पाणी घाल हं!" मी भजी तळत होते. साहेब आले, बसले, यंत्र फुसफुसायला लागलं, तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "चांगलं दुहेरी फडक्यातून गाळलंय. आणि साधंसुधं नाही, गंगेचं! तुझ्या आईसाठीच चाललंय ना हे सगळं?"

मी कढई सोडून बाहेर धावले. पण साहेबांनी कप तोंडाला लावला होता. त्यांनी डोळे मिटले, "आहा!" म्हणाले आणि एकामागून एक तीन कप प्याले. मग हिंदीत म्हणाले, "अशी कॉफी अख्ख्या कलकत्त्यात नाही. आणि तुम्ही पुण्याला जायचं म्हणता? असा माणूस मी सोडीन होय?"

हे हसले. "थँक यू, सर," म्हणाले! अस्सा संताप आला मला, वाटलं, कढईतला झारा घालावा ह्यांच्या टाळक्यात.

यंत्राला काही झालं नाही. साहेबांचं पोटही बिघडलं नाही. खोटं कशाला बोलू, मी वाट पाहत होते. उलट ते दर रविवारी यायला लागले. पाण्याची हकिकत मी ह्यांना सांगितली, तर हे म्हणाले, "मग आता तेच ठेवा. उगाच चव बदलायला नको."

बदलीचा हुकूम पुढच्या वर्षी निघाला, साहेब निवृत्त झाल्यावर. आम्ही पुण्याला पोचलो, तेव्हा आईच्या घराची किल्ली मला शेजारणीकडून मागून घ्यावी लागली.