ट्रॅकमधली हलगी कुणाची? नांदेड ते निलंगा, चार दिवस

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात घरी संगीत करते. ड्रम अँड बेस. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके आणि त्यांच्याखाली छातीत जाणवणारा संथ, जाड बेस. डबस्टेप हा त्याचाच चुलतभाऊ, जरा सावकाश चालणारा. हे सगळं पुण्या-मुंबईतच चालतं, असा माझाही समज होता. मग नांदेडच्या इम्रानचा मेसेज आला. लग्नांना साउंड भाड्याने देणं हा त्याचा धंदा. त्याने लिहिलं होतं, "ताई, तुमचा हलगीवाला ट्रॅक आम्ही इथं लई वाजवून राहिलो. येत्या रविवारी या. मराठवाड्यातल्या सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढून राहिलो, पाहुण्या म्हणून पहिला ट्रॅक तुमचाच ठेवतो."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि शनिवारी सकाळच्या थेट गाडीने निघाले. नाशिक-नांदेड प्रवास जवळजवळ दिवसभराचा आहे. जेवणाचा डबा आणि पाणी घरून घ्या. फेब्रुवारी असल्यामुळे खिडकीत बसवत होतं. परभणीच्या पुढे कापूस वेचून झालेली काळी रानं दिसत राहिली. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळतात. गुरुद्वाऱ्यात लंगर असतोच. मी दोन्ही दिवस तिथेच जेवले. रविवारी सकाळी गोदावरीच्या घाटावर तासभर बसले आणि दुपारी ऑटोने तरोडा नाक्याकडे गेले.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. त्या रविवारी मुहूर्त नव्हता, म्हणून हॉल स्वस्तात मिळाला होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून टेबल मांडलं होतं, मागे 'शुभविवाह'ची पाटी तशीच. समोर जेमतेम चाळीस माणसं: इंजिनिअरिंगची मुलं-मुली, एक औषध दुकानवाला, बायकोला घेऊन आलेला एक बँकेतला कारकून. स्पीकरचे बॉक्स मात्र लग्नाचे, अंगण हलवणारे. इम्रानने आवाज आटोक्यात ठेवला होता. "आवाज वाढवला की बेस फुटतो," तो मला म्हणाला. "वरातीत कुणाला कळत न्हाई, इथं कळतं."

मला सर्वात आवडला तो किनवटच्या स्वातीचा ट्रॅक. ती तिथल्या एका निवासी शाळेत शिकवते. जंगलातून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज, त्यावर वसतिगृहातल्या मुलींच्या टाळ्या, आणि खाली डबस्टेपचा बेस. त्यानंतर माझा ट्रॅक लागला. हलगी सुरू झाली तशी मागे उभी असलेली माणसंही पुढे आली. स्वतःचं काम इतक्या मोठ्या बॉक्सवर मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चहाच्या वेळी स्वातीने सहज विचारलं, "हलगी कोण वाजवतंय?"

"इंटरनेटवर मिळाली," मी म्हणाले.

"म्हणजे कुणाची, ते माहीत न्हाई?"

"नाही."

मी विषय बदलायचा म्हणून मुलींच्या टाळ्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आधी पोरींना ऐकवलं. दोघी म्हणल्या आमचा आवाज नको, तर त्यांचा काढून टाकला."

माझ्याकडचा हलगीचा तुकडा एका मोबाइल व्हिडिओतून उचललेला होता. त्यात चेहरा नव्हता. फक्त दोन हात, खाकी बाह्या, आणि मागे एसटीचं चाक. मी तो व्हिडिओ इम्रानला दाखवला. त्याचा मामा एसटीत ड्रायव्हर आहे. त्याच्याकडे पाठवल्यावर चहाचे कप धुवून व्हायच्या आत उत्तर आलं. इम्रान हसत म्हणाला, "निलंग्याची कंडक्टर हाय. अन् बाई हाय, ताई."

त्या हातांना मी वर्षभर पुरुषाचे हात समजत होते.

सोमवारी सकाळी नांदेडहून लातूरची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने साडेतीन-चार तास लागतात. रस्ता बहुतेक चांगला आहे. बायकांना अर्धं तिकीट. लातूरला उतरल्यावर गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला: पिवळा, तेलकट, सोबत शेंगदाण्याची झणझणीत चटणी. पोट भरतं आणि खिशालाही जड होत नाही. मग औसा, लामजना करत निलंगा. मध्येमध्ये उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते, त्यामुळे वेळ थोडा हाताशी ठेवा.

इम्रानच्या मामांनी आधीच निरोप दिला होता. त्या कंडक्टर, कालिंदीताई, ड्यूटी संपवून स्टँडच्या कँटीनमध्ये आल्या. चाळिशीच्या, उंच. तिकिटाचं मशीन अजून खांद्यालाच होतं.

"तुम्हीच का नाशिकच्या मॅडम? लांबून आलात," त्या म्हणाल्या. "ऐकवा."

मी हेडफोन दिले. पूर्ण ट्रॅकभर त्या टेबलावर बोटांनी ताल धरून होत्या, फक्त एका जागी बोटं थांबली. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "भारी हाय. पर हितं कापलंय तुम्ही. माझा हात वर गेला आन् खाली आलाच न्हाई. ऐकणाऱ्याला वाटंल, हिला वाजवताच येत न्हाई."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुकडा मापात बसावा म्हणून मी शेवटचा ठोका काढला होता. मी माफी मागितली. न विचारता घेतला, त्याचीही मागितली, आणि हा ट्रॅक अल्बममध्ये जाऊ द्यायचा का, असं विचारलं.

त्या चहा ढवळत म्हणाल्या, "हा नगं. सात वर्षं एका ड्रायव्हरसोबत ड्यूटी केली, त्यांच्या निरोप समारंभाला वाजवलं होतं मी. तो दिवस त्यांचा हाय. पायजे तर उद्या माझी सुट्टी हाय, नवीन वाजवून देते. पर बाबांना विचारावं लागंल. त्या व्हिडिओपायी ते माझ्याशी चार महिने बोलले न्हाईत."

त्यांचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा सदरा घातलेले, सरळ बसणारे. लेकीचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

"माझ्या बापाला गावात कुणी मेलं की हलगी घेऊन पुढं व्हावं लागायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं हलगी पारावर नेऊन ठिवली आन् माघारी आला. मला कधी हात लावू दिला न्हाई. आन् ही सरकारी ड्रेसवर चारचौघांत वाजवती."

"मला कुणी वाजवायला लावलं न्हाई, बाबा," कालिंदीताई म्हणाल्या. "कॉलेजात लेझमीच्या पथकात शिकले, तुमाला ठाऊक हाय. मला आवडतं म्हणून वाजवते."

त्यांनी हेडफोन मागितले. चार मिनिटांचा ट्रॅक डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"हे ऐकायला लोक काय करतात?"

"नाचतात," मी म्हणाले.

"वाजवणारी कुठं असती?"

"नसते. फक्त आवाज असतो."

"मग ती कोण, हे कळायचं कसं?"

"नाव लिहीन मी," मी म्हणाले.

"लिवा. तिचं लिवा. मधी बापाचं म्हणून माझं नाव नगं."

कालिंदीताई खाली बघत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. मला तिथे थांबणं अवघड झालं. निलंग्यात राहायला फार पर्याय नाहीत. स्टँडजवळच्या लॉजमध्ये एक खोली मिळाली, पंखा होता, गादीही बरी होती.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरामागे गेले. तूर काढलेलं रान, रस्ता लांब, आवाज कमी. ताईंनी पत्र्याच्या पेटीतून हलगी काढली. थंडीने कातडं सैल पडलं होतं, ते तापवावं लागणार होतं. त्या काडेपेटी शोधत असताना बाबा मागच्या दाराने आले. हातात तुराट्यांची मोळी होती. खाली बसून त्यांनी काड्या रचल्या, पेटवल्या, आणि धूर निवळेपर्यंत वाट पाहून म्हणाले, "आण."

हलगी त्यांनी स्वतः हातात घेतली नाही. ताईंनी धरली आणि ते सांगत राहिले. "फिरव. लांब धर. आजून जरा. बास, फाटंल." मग ताईंनी टिपरूच्या काडीने एकदा वाजवून पाहिलं. खणखणीत आवाज आला. बाबा उठले, हात झटकले आणि आत निघून गेले. दार मात्र उघडं राहिलं.

ताईंनी वीस मिनिटं वाजवलं. व्हिडिओतल्यापेक्षा खूप संथ, थांबत थांबत. मध्ये एकदा त्यांनी डोळे पुसले. विझत्या काड्यांचा धूर होताच.

दुपारच्या गाडीने लातूर गाठलं. तिथून रेल्वे आणि बस अशी अदलाबदल करत बुधवारी सकाळी नाशिकला पोचले. थकवणारा मार्ग आहे. परतीचं आरक्षण आधी करून ठेवा, मी केलं नव्हतं.

घरी आल्यावर नवीन हलगी जुन्या ट्रॅकवर बसवून पाहिली. बसेना. ताई एकशे सत्तरला वाजवतच नव्हत्या. वेग वाढवला तर हात खोटा वाटायला लागला. दोन आठवडे खटपट केली आणि शेवटी माझेच ठोके काढून टाकले. सगळं एकशे चाळीसवर आणलं, एकही ठोका न कापता. आता तो ड्रम अँड बेस राहिला नाही, डबस्टेपच झाला. खाली लिहिलं: हलगी, कालिंदी, निलंगा. ताईंनी ऐकून कळवलं, "आता हात खाली आला." बाबांनी ऐकला का, ते मी विचारलं नाही.

इम्रानने अल्बममध्ये तो चौथ्या नंबरवर ठेवला. फोनवर म्हणाला, "राग मानू नका ताई, पहिलावालाच जास्त भारी होता. लोकं तोच मागून राहिले."

मी त्याला सांगितलं, की मलाही तोच जास्त भारी वाटतो. बाकी सगळीकडून तो काढून झाला होता, माझ्याकडे त्याची एकच प्रत उरली होती. फोन ठेवल्यावर मी तो एकदा पूर्ण ऐकला आणि काढून टाकला.